पावाच्या शंकांना दिलेल्या उत्तरांबद्दल आभार

प्रिय ताई,

घरी पाव करताना पीठ कधी घट्ट, कधी सैल का होतं, पाव मधोमध का खचतो आणि आतून चिकट का राहतो, या आमच्या शंकांना तुम्ही इतकी सविस्तर उत्तरं दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. ‘पाणी जरा कमी घालून बघा’ म्हणून मोकळं होता आलं असतं. तुम्ही मात्र आधी विचारलंत, मैदा ग्रॅममध्ये किती? निम्मा गुंता तिथेच सुटला. कप दाबून भरला तर 150 ग्रॅम मैदा बसतो, हलक्या हाताने भरला तर 120. चार कपांत 120 ग्रॅमचा फरक पडला की पीठ कधी घट्ट, कधी सैल होणारच. 500 ग्रॅम मैदा, 325 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट हे तुमचं प्रमाण चोख आहे. कणीक घेतली तर पाणी 350 ते 375, कारण कोंडा पाणी पितो. शिवाय मळण्याआधी ती अर्धा तास भिजू द्यायची.

सगळ्यात उपयोगी पडलं ते पाव मधोमध का खचतो याचं उत्तर. कृतीत ‘एक तास फुगवा’ लिहिलेलं असतं, पण 20 अंश सेल्सिअसला आणि 32 अंशांना तो तास सारखा कसा असेल? साच्यातल्या पिठावर कोरड्या पिठात बुडवलेलं बोट अर्धा इंच दाबायचं. खळगा लगेच भरला तर थांबायचं, सावकाश आणि अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये घालायचं. तसाच राहिला तर पिठातली ग्लुटेनची (चिवट प्रथिनांची) जाळी ताणून कमजोर झालेली असते, आणि उष्णता लागली की ती खचते. अशा वेळी हवा काढून, पुन्हा वळून साच्यात फुगवलं तर पाव बहुधा वाचतो, हे तर बहुतेक कृतींत लिहिलेलं नसतं.

आतून चिकट राहण्याचं कारणही पटलं: 220 अंशांवर 35 मिनिटं भाजून पाव गरम असतानाच कापला, तर आतला ओलावा स्थिरावलेला नसतो. जाळीवर निदान तासभर निवू द्यायलाच हवा. तळाशी टिचकी मारून पोकळ आवाज ऐकण्यावर मात्र आमचा फारसा भरवसा नाही. थर्मामीटर खुपसून आत 95 अंश दिसले, की शंकेला जागा राहत नाही.

आता एकच विचारायचं राहिलं. पीठ रात्रभर फ्रीजमध्ये फुगवायचं असेल, तर यीस्ट 5 ऐवजी 2 ग्रॅम पुरेल ना? सवडीने कळवा.

तुमचे आभारी