साहेब, पुस्तक मिटून शब्द विचारा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी बुलडाणा जिल्ह्यात पहिलीच्या वर्गाला शिकवते. मागे एकदा तपासणीला साहेब आले. एका मुलीने धडा घडाघडा वाचून दाखवला, साहेब खूश होऊन गेले. नंतर मी त्याच धड्यातला ‘कान’ फळ्यावर एकटाच लिहिला. ती गप्प. धडा तिला पाठ होता, वाचता येत नव्हता. आणि ही चूक तिची नाही, माझी. वर्ग पुढे गेलेला दाखवायची घाई मलाच झाली होती.

आधी सगळी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द, अशी आमची जुनी वाट. पोरं ‘क का कि की’ गाण्यासारखं म्हणतात. मधल्याच ‘कू’वर बोट ठेवलं की पुन्हा ‘क’पासून सुरुवात. शब्द समोर आला की ‘कला काना का’ म्हणता म्हणता पुढचा ‘न’ येईपर्यंत ‘का’ विसरलेला असतो. ‘दिवा’त वेलांटी आधी दिसते आणि ऐकू येते ‘द’च्या नंतर. ‘घर’ वाचताना मूल ‘घ...र’ असं दोन्ही अक्षरं लांबवून म्हणतं. तोच आपला घर्, हे त्याला कानानेच जुळवावं लागतं. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन ‘च’ तर विचारूच नका.

‘गमभन’चा क्रम हाताच्या वळणासाठी सोयीचा असेल, पण ‘म’ आणि ‘भ’ पाठोपाठ दिले की डोळे फसतात. मी आता क, म, ल, न, र एवढीच अक्षरं घेते आणि काना त्यांच्याबरोबरच देते. बाराखडीची वाट बघत नाही. तेवढ्यात काका, मामा, नाक, कान, लाल, कमल हाताशी येतात, आणि मकाही, जो आमच्या खिडकीबाहेर उभाच असतो.

लिहिण्याची गोष्ट वेगळी. आमच्याकडे डोळ्याला ‘डोया’ म्हणतात. मुलाने ‘डोया’ लिहिलं की लाल रेघ येते. अहो, त्याने ऐकलं तसं अगदी बिनचूक लिहिलं! आवाज आणि अक्षर यांची गाठ त्याला कळली आहे. ‘ळ’ पुस्तकात वेगळा दिसतो, हे नंतर हसतखेळत सांगता येतं. ऱ्हस्व-दीर्घाचं पण तसंच. पाटी, काकू, पेरू, गहू: शेवटची वेलांटी नि उकार दुसरा, एवढं पहिलीला पुरे. ‘आणि’चा अपवाद त्यांना मीच सांगते, कारण तो रोज लागतो. ‘फूल’चं ‘फुलाला’ का होतं, ते तिसरीपर्यंत थांबू द्या.

लहान वर्गांतल्या मुलांना समजून वाचता यावं आणि सोपं गणित जमावं, यासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 रोजी सुरू झालं. 2026-27 पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत, याला माझी ना नाही. पण ते घड्याळ हळूच पहिलीत उतरलं आहे. पहिलीचं उद्दिष्ट काय आहे? अनोळखी मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचणं. ‘अनोळखी’ हा शब्द सरकारी कागदात आहेच. वर्गात तपासताना तेवढा गळतो.

म्हणून मागणी मोठी नाही. पहिलीचा वर्ग बघायला येणाऱ्यांनी पुस्तकातला उतारा वाचून घेऊ नये. शिकवून झालेल्याच अक्षरांचे, पण पुस्तकात नसलेले पाच शब्द फळ्यावर लिहून वाचायला द्यावेत आणि दुसरे पाच सांगून पाटीवर लिहून घ्यावेत. पाटीवर ‘डोया’ आला तर तो चूक न धरता वेगळा नोंदवावा. असं पत्र आपल्या खात्यातून निघालं, तर पाठांतर करून घ्यायची आम्हा शिक्षकांची गरजच संपेल. त्या मुलीला ‘कान’ वाचायला पुढे दिवाळी उजाडली, पण त्यानंतर तिने ‘मका’ आपणहून लिहिला.

आपली,
पहिलीची एक शिक्षिका