कालच्या उन्हावर आजची आंघोळ

पुणे, 22 जानेवारी 2026

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आंघोळीच्या गरम पाण्याचं हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. नाही येत. फोनवर बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आणि आई विचारते, डब्यात काय नेलंस. म्हणून पत्र. बाबा, तुम्ही हे दोनदा वाचाल आणि समासात पेन्सिलीने खुणा कराल हे माहीत आहे. कराच.

मी नाशिकला घरी आले होते, त्या भोगीच्या सकाळपासून सांगते. पाच वाजले असतील. न्हाणीत उजेड दिसला म्हणून मी उठून आले. गिझरचा दिवा लागत नव्हता, आणि भोगीची न्हाऊन घ्यायची घाई. बादलीवर आडवं जुनं लाटणं, लाटण्याला टांगलेला पाणी तापवायचा विजेचा रॉड, आणि बाबा वाकून पाण्यात बोट बुडवून बघतायत. "झालंय गं, घे," असं आईला म्हणालात. मी विचारलं, बटण बंद केलंत का? "केलं की." बोर्डावरचा लाल दिवा तेव्हा चालू होता. आई अनवाणी, फरशी ओली. मी बटण बंद केलं आणि काही बोलले नाही, सणाचा दिवस होता. पण त्या दिवशी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी माझ्या घशाखाली उतरली नाही, ती भाजीत तिखट जास्त झालं म्हणून नव्हे.

दोन दिवसांनी इलेक्ट्रिशियन आला, त्याने गिझर खोलला, तेव्हा बाबा तुम्ही पेपर वाचत होतात. मी शेजारी उभी होते. कॉईलवर चुन्यासारखा पांढरा थर, बोटभर जाड. ठोकून काढला तर मूठभर खपल्या निघाल्या. हा आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार. उन्हाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी एक वेळ येतं आणि आपण टाकीत बोअर सोडतो, त्याचा हा हिशेब. कॉईल आणि पाणी यांच्यात ती भिंत उभी राहिली की कॉईलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, ती आतल्या आत तापते आणि शेवटी जळते. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः गंजत राहते, म्हणजे टाकी वाचते. आपल्या कांडीची नुसती तार उरली होती. ती बदलायची असते हे सोळा वर्षांत आपल्याला कुणी सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही. नवीन कॉईल घालून तो म्हणाला, "वर्ष-दोन वर्षं चालेल अजून." बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघूनच मी हे पत्र लिहायचं ठरवलं.

दुरुस्तीनंतरच्या दोन रात्री मी मीटर वाचला. रात्री दहाला आणि पहाटे चारला. पहिल्या रात्री गिझर तुमच्या पद्धतीने रात्रभर चालू, दुसऱ्या रात्री बंद. फ्रिज वगैरे दोन्ही रात्री सारखंच. फरक निघाला अर्ध्या युनिटाचा. म्हणजे कुणी तांब्याभर पाणी न घेता, पंचवीस लिटर पाणी नुसतं गरम ठेवायला रोज अर्धं युनिट. आता आंघोळीचा हिशेब. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण 1.16 वॅट-तास लागतात. दोघांचं मिळून 80 लिटर धरा, जानेवारीत टाकीतलं पाणी 18 अंशांचं, अंगावर घ्यायचं 40 अंशांचं. गुणाकार करा, दोन युनिटं येतात. महिन्याला साठ, रात्रभरच्या चैनीची पंधरा वेगळी. आणि महावितरणचा दर शंभर युनिटांच्या पुढे कसा उडी मारतो ते तुम्हीच मला शिकवलंत. ही साठ-पंचाहत्तर युनिटं नेमकी त्या महागड्या मजल्यावरची आहेत.

तर माझं म्हणणं असं, की गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बसवू या. शंभर लिटरचा, काचेच्या नळ्यांचा.

बाबांचं उत्तर मला इथे बसून ऐकू येतंय: "मी साडेचारला उठतो. सूर्य उठतो सातला. सोलर माझ्या काय कामाचा?" नोट प्रेसची पहिली पाळी सुटून बारा वर्षं झाली तरी तुमची झोप अजून पंचिंगच्या वेळेवर आहे, ते मान्य. पण सोलरचं पाणी पहाटे तापत नाही, ते आदल्या दुपारीच तापलेलं असतं. वरच्या टाकीला पफचं, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचं, जाड आवरण असतं, रात्रभरात पाणी काही अंशांनीच उतरतं. तुम्ही कालच्या उन्हावर आज आंघोळ करायची. अट एकच. टाकीतून गरम पाणी काढलं की खालून तितकंच गार आत शिरतं, म्हणून संध्याकाळी कुणी बादल्या उपसल्या तर सकाळचं पाणी कोमट. आई, हे तुझ्यासाठी. रात्रीची भांडी त्या पाण्याने नाही धुवायची.

गार आत गेलं तरच गरम बाहेर, हे काही नवीन नाही. आजीचा बंब आठवतोय? नरसाळ्यातून एक तांब्या गार ओतला की तोटीतून एक तांब्या वाफाळतं पाणी. मी लहानपणी याला जादू समजायचे. गार पाणी जड म्हणून तळाशी जातं आणि वरचं गरम बाहेर ढकलतं, एवढंच ते. सोलरमध्ये मोटर नसते ती याच कारणाने. नळीत तापलेलं पाणी हलकं होऊन आपणच वर टाकीत चढतं, गार खाली उतरतं, दिवसभर हे चालू. नळी म्हणजे सरळ थर्मास आहे: काचेत काच, मधली हवा काढून घेतलेली, आतल्या काचेला ऊन शोषणारा काळा लेप. त्यामुळे आपल्याकडच्या थंडीत, बाहेर निफाडसारखा कडाका असला तरी, आतली उष्णता बाहेर पळत नाही. थंडीत नाशिकला आभाळ स्वच्छ असतं, ही त्यातली खरी मेख. ज्या दिवसांत गरम पाणी सर्वांत जास्त लागतं त्याच दिवसांत ऊन चोख.

पावसाळ्याचं मात्र लपवत नाही. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा सोलर म्हणजे गच्चीवरची शोभा. म्हणून गिझर काढायचा नाही. सोलरची लाईन गिझरच्या इनलेटला द्यायची. पाणी गरमच आलं तर थर्मोस्टॅट कॉईल पेटू देत नाही, कोमट आलं तर तेवढीच भर घालतो. जुना गिझर मात्र बदलू, पंधरा लिटरचा, वीजबचतीचे पाच स्टार असलेला घेऊ. ते स्टार नुसत्या ठेवलेल्या पाण्याची उष्णता किती कमी गळते यावर मिळतात, म्हणजे नेमकं ते अर्धं युनिट. सोलरचं पाणी सोसेल असा व्हॉल्व्ह त्याला लागतो, हे मी प्लंबरला बजावीन. 2027 च्या सिंहस्थाला सगळं गणगोत आपल्याकडे उतरणार, 2015 सारखंच, आणि तेही ऐन पावसात. तेव्हा गिझरच कामाला येईल, आणि आत्याचे यजमान पुन्हा अर्धा तास आंघोळ करतील, त्याला कुठल्याच यंत्रात उपाय नाही.

मला आधी हीट पंपच आवडला होता. आमच्या सोसायटीत बसवलाय. फ्रिज उलटा चालवावा तसं यंत्र: हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतं, एका युनिटात साधारण तीन युनिटांचं काम. पाऊस असो वा रात्र, चालतं. पण मला सांगितलेला भाव सोलरच्या चौपट-पाचपट, आणि ते यंत्र घुमतं. आई, तुझी झोप तर शेजारच्यांच्या कुलरने उडते. ज्यांना गच्ची नाही त्यांनी तो घ्यावा. आपल्याला अख्खी गच्ची आहे, दक्षिणेला काही आड येत नाही, आणि पाण्याची टाकी जिन्याच्या खोलीवर, म्हणजे सोलरच्या टाकीपेक्षा वर. गार पाणी नुसत्या उताराने येईल. हे तिन्ही जुळणारी घरं थोडी.

गॅस गिझरचं नाव शेजारचे काका पुन्हा काढतील. स्वस्त आहे, पटकन तापतो, सगळं खरं. आपली न्हाणी पाच बाय सात आणि थंडीत तुम्ही झरोक्याला वर्तमानपत्र लावता. अशा बंद जागेत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साईड होतो, त्याला वास नाही, रंग नाही. दर थंडीत अशी एखादी बातमी येतेच. हा विषय माझ्याकडून संपला.

परवा जो विक्रेता घरी येऊन "सरकार अठ्ठ्याहत्तर हजार देतं" म्हणाला, त्याला चहा पाजलात ते ठीक. ते अनुदान 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेचं, गच्चीवर वीज तयार करणाऱ्या पॅनेलचं, तेही तीन किलोवॅट आणि पुढे. पाणी तापवायच्या सोलरला ते नाही. दोन्हींना लोक "सोलर"च म्हणतात, त्यात याचं फावतं. आपल्याला खिशातूनच घालायचेत, पाव लाखाच्या आत होईल, आणि ते मी घालणार आहे. यावर पेन्सिलीची खूण नको.

आणखी दोन अडचणी. गच्चीपासून खालच्या न्हाणीपर्यंत पाइप लांब. पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं, पंधरा मीटर धरले तर पहिलं चारेक लिटर गारच येणार. ते गटारात सोडायचं नाही, एक बादली तिथे ठेवू, आईच्या कुंड्यांना होईल. दुसरी मोठी. एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणी सत्तरच्या वर जातं. साठ अंशांचं पाणी पाच सेकंदांत कातडी भाजतं, आणि बाबा, तुमच्या पायाला साखरेमुळे गरम-गार नीट कळत नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलंय. म्हणून गरमात गार मिसळून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच, आणि उन्हाळ्यात निम्म्या नळ्यांवर गोणपाट. ते टाकायला आणि नळ्यांवरची धूळ पुसायला मी येईन किंवा माणूस सांगीन. त्या गुडघ्याने तुम्ही जिना चढायचा नाही.

या सगळ्याच्या आधी एक काम, ते याच आठवड्यात. वायरिंग 1994 चं आहे, त्यात ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारा स्विच, नाही. तीस मिलिअँपिअरचा बसवून घ्या. वीज अंगातून जायला लागली तर माणूस "अगं आई" म्हणायच्या आत तो पुरवठा तोडतो. सोबत अर्थिंग तपासायला सांगा. सोलर महिनाभर उशिरा आला तरी चालेल.

मी 7 फेब्रुवारीला येते, शनिवार आहे. तोवर बाबांनी एवढंच करायचं: जिन्यातून टेप सोडून पाइपचं माप घ्यायचं. पावलांनी नको. आणि सकाळी नऊला व दुपारी तीनला गच्चीवर सावली कुठवर येते ते आईने बघून ठेवायचं. आई, तू वाळवणाच्या निमित्ताने वर जातेसच.

तिळगूळ अजून उरलाय, रोज एक खाते. तब्येतीला जपा.

तुमची,
मंजू

ता. क. रॉड माळ्यावर शोधू नका. मी येताना साडीत गुंडाळून पुण्याला आणलाय. लाटणं तेवढं जागेवर आहे.