अजून काही केलं नाही ना त्यानं?

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री व गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी पुण्याच्या दक्षिण भागातल्या एका वस्तीजवळच्या शाळेत 26 वर्षं शिकवलं. आता निवृत्त आहे, पण राहते तिथेच. रात्री दीड-दोनला गल्लीत काचा फुटल्याचा आवाज आला की कुणाची रिक्षा गेली, हे आम्हाला सकाळी न विचारताही कळतं. हप्ते चालू असलेली रिक्षा असते, विमा असतो तो फक्त कायद्यापुरता, म्हणजे नुकसानीचा एक रुपया परत येत नाही. फोडणाऱ्यांपैकी दोघे-तिघे हमखास माझ्या हाताखालून गेलेले असतात. म्हणून हे पत्र, टोळ्यांत ओढल्या जाणाऱ्या या पोरांबद्दल.

त्यांच्यातल्या एकाबद्दल सांगते. नाव लिहीत नाही, कायद्यानंही लिहू नये. तोंडी हिशेबात तो वर्गात सगळ्यांच्या पुढे असायचा. वडील रंगकाम करतात, आई चार घरची धुणीभांडी. आठवी झाली आणि शाळा सुटली. मांडववाल्याकडे हजेरीवर जायला लागला. तिथे त्याला एक 'भाऊ' भेटला. आधी गाडीत पेट्रोल, मग बिर्याणी, मग वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात छोटासा फोटो. त्या फोटोनं तो मुलगा एका रात्रीत बदलला. चार महिन्यांनी कोयत्यानं केक कापतानाची त्याची रील मला त्याच्याच वर्गातल्या मुलीनं दाखवली.

मी जवळच्या पोलीस चौकीत गेले. त्या भाऊचं नाव सांगितलं, कुठे बसतो तेही सांगितलं. समोरचे हवालदार वाईट माणूस नव्हते. पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, अजून काही केलं नाही ना त्यानं? मग आम्ही काय करणार?"

सात महिन्यांनी त्या मुलानं केलं. आज तो येरवड्याच्या निरीक्षणगृहात आहे. ज्याच्यावर वार झाले तो 19 वर्षांचा मुलगा वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं आता वळत नाहीत. आणि ज्यानं कोयता हातात दिला, 'वकिलाचं आम्ही बघू, तू लहान आहेस, लगेच सुटशील' असं ज्यानं सांगितलं, त्याचं नाव त्या प्रकरणात कुठेच नाही.

आपल्या सरकारनं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. पुण्यात सात नवी पोलीस ठाणी झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये शहरभरच्या गुंडांना आयुक्तालयात बोलावून रांगेत उभं केलं. मोक्काच्या कारवाया होतात, तडीपारी होते, एमपीडीए या प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्धता होते. त्याआधी कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड मागून ठेवा असं दुकानदारांना सांगून झालं. ऊस तोडायच्या अवजाराला ओळखपत्र लागावं इथवर हे शहर आलं. पण याच काळात 5 जानेवारी 2024 ला सुतारदऱ्यात एका टोळीप्रमुखाला त्याच्याबरोबर वावरणाऱ्यांनीच भर दुपारी गोळ्या घातल्या. 1 सप्टेंबर 2024 ला नाना पेठेत माजी नगरसेवकाचा खून झाला. आणि वर्षभरानं, 5 सप्टेंबर 2025 ला, विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी, त्याच पेठेत एका कोवळ्या शिकणाऱ्या मुलाला सूड म्हणून मारलं. त्या मुलाचा दोष इतकाच, की तो त्या खुनातल्या एका आरोपीच्या घरात जन्मला.

मोक्का 1999 चा. मुंबईतल्या टोळ्यांसाठी तो आला, आणि तो लागला की जामीन जवळजवळ मिळत नाही. पण तो लावायला टोळीवर मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं असावी लागतात. म्हणजे हा कायदा तयार झालेल्या टोळीचा आहे. टोळी तयार होत असतानाचा नाही. म्होरक्या आत गेला तरी त्याची जागा दुसरा घेतो, आणि त्या दुसऱ्याला हाताखाली पाच-सहा पोरं आमच्यासारख्या वस्तीतून आठवडाभरात मिळतात. ही भरती थांबवायचं धोरण मला कुठे दिसत नाही.

हल्ली एक मागणी जोरात आहे: गुन्ह्यात मुलाला अल्पवयीन धरायचं कायद्यातलं वय 18 वरून 14 वर आणा. चिडलेल्या माणसाला ती पटते, मलाही त्या 19 वर्षांच्या मुलाचा हात पाहिल्यावर क्षणभर पटली होती. पण मी मुलांबरोबर आयुष्य काढलंय. वय 14 वर आणलं, तर भाऊ 13 वर्षांचा मुलगा धरेल. सातवीतला. त्याला फक्त अजून कमी पैसे द्यावे लागतील.

आणि साहेब, मुलाला वापरणाऱ्या मोठ्या माणसासाठी कायदा आहे. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 83 मध्ये, मुलांना टोळीनं बेकायदा कामाला लावलं तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख रुपये दंड लिहिलेला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 95 त्याहून कडक आहे. गुन्ह्यासाठी मूल वापरणाऱ्याला किमान 3 वर्षं, कमाल 10 वर्षं, आणि गुन्हा घडलाच तर तो जणू त्यानंच केला असं धरून शिक्षा. आपण स्वतः वकिलीचं शिक्षण घेतलेलं आहे, या कलमाचं वजन आपल्याला मी सांगायला नको. मग माझ्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात ते का लागलं नाही? कोयता कुणी दिला, हे त्या मुलाला कुणी बसून विचारलं का? विचारलं असेल तर तो कुणासमोर, कुणाच्या भरवशावर बोलणार होता?

कायद्यानं प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असायला हवा. मी ज्यांना भेटले त्यांच्याकडे हे काम होतं, शिवाय बंदोबस्त होता, समन्स होतं, गणेशोत्सवाच्या मंडळांच्या बैठका होत्या. त्यांना मी दोष देत नाही. मुलं महिला व बालविकास विभागाची, टोळ्या गृह विभागाच्या, शाळा तिसऱ्याच विभागाची, आणि पोरगं या तिघांच्या मधल्या फटीत पडतं. ही तिन्ही खाती एका टेबलाशी बसवणं मुख्यमंत्र्यांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात नाही.

वय बघा ना. मोफत शिक्षणाचा हक्क 14 वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत. तिथे सरकारचा हात सुटतो, आणि नेमका तिथेच भाऊचा हात खांद्यावर पडतो. आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन अशा काही व्यवसायांना आठवी पास चालतं, पण हे सांगायला आमच्या वस्तीत कुणी आलेलं मी पाहिलं नाही. शाळेतून गळलेल्या मुलांची यादी शाळेकडे असते. त्या यादीतल्या प्रत्येक घरी एक माणूस पाठवायला किती खर्च येईल? एका नव्या पोलीस ठाण्याहून नक्कीच कमी.

दुसरं, पैसा. टोळी पोरांच्या बिर्याणीवर खर्च करते तो पैसा जमिनीच्या 'मॅटर'मधून, म्हणजे वादांतून येतो, टँकरमधून, भंगाराच्या ठेक्यांतून, माथाडीच्या नावाखाली कारखान्यांकडून उकळलेल्या खंडणीतून. हे आपल्याला माझ्याहून जास्त माहीत आहे. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगला काय झालं? पवनचक्की कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितली गेली, सरपंच मध्ये पडले, 9 डिसेंबर 2024 ला त्यांचा जीव गेला, आणि खंडणीचा गुन्हा नोंदला गेला तो त्यानंतर. तिथेही 'अजून काही केलं नाही ना'च होतं.

आणि हे पोरांना दिसतं. तुरुंगातून सुटलेल्या टोळीप्रमुखाची 2021 मध्ये द्रुतगती मार्गावरून शेकडो गाड्यांची मिरवणूक निघाली, ती माझ्या वर्गातल्या मुलांनी पाहिली होती. गुन्हे नावावर असलेला माणूस पासपोर्ट काढून परदेशी जातो, हे त्यांनी पाहिलं. टोळीशी नातं असलेल्या घरांच्या दारात उमेदवारी घेऊन पक्ष जातात, हेही ते पाहतात. आपला पक्ष असो वा दुसरा, हे थांबेपर्यंत मी वर्गात उभं राहून काय शिकवायचं होतं?

माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर एक कागद ठेवा: राज्यात अल्पवयीन मुलं सापडलेल्या टोळीच्या गुन्ह्यांत कलम 95 आणि कलम 83 किती जणांवर लागलं, कोणत्या पोलीस ठाण्यात, आणि शिक्षा किती जणांना झाली. आणि जिथे एका गुन्ह्यात दोनपेक्षा जास्त मुलं आहेत, तिथे त्यांना कुणी आणलं याचा वेगळा तपास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे द्यायचा, असा लेखी आदेश काढा.

त्या मुलाची आई अजून माझ्याकडे येते. तो सुटला की त्याला परत त्याच गल्लीत आणायचं की गावी पाठवायचं, असं विचारते. गावी शेत नाही, घर पडलेलं आहे. गल्लीत तो भाऊ अजून त्याच कट्ट्यावर बसतो. मी तिला काय सांगू, ते आपण कळवावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे