व्होल्टेज बरोबर आहे, पण रोबो बोलत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत बोलणाऱ्या खेळण्यांवर लेख आला होता तो वाचला, चांगला होता, पण त्यात सगळं आईबापांनी काय काळजी घ्यायची एवढंच, दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर काय येतं ते कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझं मिरजेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, ३४ वर्षं झाली, हल्ली टीव्ही कमी आणि मिक्सर-चार्जरच जास्त.

आधी सांगतो की मी या बोलक्या खेळण्यांच्या विरोधात नाही, आमच्याच घरात एक आहे. पुतण्यानं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कॉलेजातल्या सिनियरकडून बिटल नावाचा रोबो कुत्रा सेकंडहँड घेतला. वजन तीनशे ग्रॅमच्या आत, मोटरी नऊ, आठ पायांत आणि एक मानेत. हा जुना प्रकार, त्यातल्या चिपची रॅम २ केबी, म्हणजे त्याच्या डोक्यात हे लँग्वेज मॉडेल, म्हणजे विचारलेल्याला माणसासारखं उत्तर लिहून देणारा एआय प्रोग्रॅम, मावायचा प्रश्नच नाही. मग पोरानं पाठीवर रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर बांधला, माईक आणि स्पीकर लावला. आपण बोललेलं आधी लॅपटॉपवर व्हिस्पर नावाचं फुकट सॉफ्टवेअर अक्षरांत आणतं, ती अक्षरं नेटवरून मॉडेलकडे जातात, उत्तर येतं ते परत आवाजात, आणि उत्तराच्या शेपटाला एक कृती लिहायची असं मॉडेलला आधीच बजावून ठेवलेलं, बस, ऊठ, चाल, हात दे, असली यादी देऊन. ती कृती वायरवरून कुत्र्याला जाते. एवढंच आहे सगळं, यात जादू काही नाही.

पण एवढंच म्हणता म्हणता दोन महिने गेले. मॉडेल पहिल्याच दिवशी लिहून मोकळं, "शेपूट हलव". शेपटीला मोटरच नाही! आमचा प्रोग्रॅम अडकला आणि कुत्रा तसाच एक पाय वर करून उभा. मग यादीत नसलेला शब्द आला की तो टाकून द्यायचा आणि नुसती मान हलवायची असं केलं. तेच पुढं कामाला आलं, कारण उत्तर यायला चार-पाच सेकंद लागतात, तेवढा वेळ मान इकडंतिकडं करत राहिला की विचार करतोय असं वाटतं. दुसरी गंमत म्हणजे बोलताना माईक बंद करायचा राहिला होता, तर एका रात्री साहेब स्वतःचंच बोलणं ऐकून स्वतःलाच उत्तरं देत बसले, सकाळी उठून बघतो तर मॉडेल वापरायला पुतण्यानं भरलेले पैसे संपलेले.

आणि भाषा! माझी आई ८१ वर्षांची, तिनं यू यू करून हाक मारली तर हा म्हणतो, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?" आई म्हणाली, हे कुत्रं आहे का बँकेतला माणूस. मग पोरानं मॉडेलला लिहून दिलं की तू मिरजेचा कुत्रा आहेस, दोन वाक्यांच्या वर बोलायचं नाही, आज्जीला अगं-तुगं चालेल. ते जमलं. पण परवा तो तिच्या पायात आला आणि ती सवयीनं ओरडली, "हाड!" तर हा मटकन खाली बसला आणि म्हणाला, "हाड? मला लई आवडतं, कुठंय?" आईच्या डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसली. हे दुरुस्त करू नको म्हणून तिनं पोराला बजावलंय.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांच्या नातीचा बोलका रोबो दुकानात आला. बाहेरगावचा, महागाचा, कंपनीचं नाव घेत नाही. बोलायचा थांबलाय म्हणून आणला. उघडला, बॅटरी चांगली, स्पीकरला सिग्नल दिला तर वाजतो, मोटरी फिरतात, सगळीकडं व्होल्टेज जागच्या जागी. बिघडलेलं काहीच नाही! कंपनीनं तिकडं सर्व्हर, म्हणजे ज्या कॉम्प्युटरवरून याची उत्तरं नेटवरून यायची तो, बंद केला आणि हा इकडं मुका झाला. ३४ वर्षांत मी असला पेशंट पाहिला नव्हता. पुतण्यानं पण बघितलं, पण आत सगळं कुलूपबंद, दुसरीकडं जोडायची सोयच ठेवलेली नाही.

हे काही एकट्या त्या पोरीचं नाही. अमेरिकेत अँकी नावाच्या कंपनीनं २०१८ साली व्हेक्टर हा छोटा रोबो आणला आणि २०१९ मध्ये कंपनीच बुडाली, पुढं हौशी लोकांनी वायरपॉड नावाचं सॉफ्टवेअर केलं म्हणून आज तो घरातल्या रास्पबेरी पायवर चालतो, लँग्वेज मॉडेलशी जोडून गप्पासुद्धा मारतो. मॉक्सी म्हणून लहान मुलांचा रोबो होता, ७९९ डॉलरचा, ती कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये पैसे संपले म्हणाली आणि पोरांना समजवायचं कसं याचं पत्र आईबापांना पाठवलं. नंतर का होईना, मालकांना आपला सर्व्हर चालवता येईल असं सॉफ्टवेअर त्यांनी दिलं, तेवढं चांगलं केलं. आणि सोनीचा आयबो हा रोबो कुत्रा तर १९९९ सालचा, जपानात ३००० नग वीस मिनिटांत खपले होते. त्याची दुरुस्ती कंपनीनं २०१४ ला बंद केली तेव्हा सोनीतूनच बाहेर पडलेल्या इंजिनियर लोकांनी ते काम हातात घेतलं, सुटे भाग मिळेनात म्हणून मेलेल्या आयबोंचे काढून वापरायचे, पण त्याआधी इसुमी गावच्या कोफुकुजी मंदिरात त्यांचे रीतसर विधी करायचे. मला हे फार आवडलं. पण बघा, तिथं निदान काढायला भाग तरी होते, इथं जीवच दुसऱ्याच्या गावाला ठेवलेला, मी सोल्डर मारणार कुठं?

माझं म्हणणं एवढंच की बिस्किटाच्या पुड्यावर तारीख छापतात तशी या खोक्यावर पण छापायला लावा. सर्व्हर किती वर्षं चालवणार, नेट नसेल तर काय काय चालतं, आणि कंपनी बंद पडली तर तो दुसरीकडं जोडता येणार की नाही. ग्राहक संघटनांनी हे लावून धरावं. आणि घेणाऱ्यांनी पण दुकानात विचारावं, नुसता तो "हॅलो" म्हणाला की पैसे काढू नका.

तो रोबो अजून माझ्या फळीवरच आहे. पोरगी शाळा सुटली की येऊन विचारून जाते. आमच्याकडं प्रत्येक वस्तूला पावती असते, नाव, तारीख आणि 'दोष' असा रकाना, तिच्या पावतीवर तो रकाना कोराच आहे.

आपला,
एक दुरुस्तीवाला वाचक, मिरज