खाज एकाला, औषध घरभर

सोलापूर,
३ जानेवारी

प्रिय सुधीर,

गड्ड्याच्या यात्रेला मुलांना घेऊन यावं की नको, असं तू काल विचारलंस. फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय. या, नक्की या. पण आधी हे पत्र वहिनींनाही वाचायला दे.

तुझ्या पुतण्यांना खरूजच झाली आहे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुरळ आणि अंथरुणात शिरलं की वाढणारी खाज. त्वचेच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पूर्वी आमच्या दुकानात खरजेचं मलम पडून पडून त्याची मुदत संपायची. आता ते सारखं मागवावं लागतं.

काकूंनी मात्र फार मनाला लावून घेतलंय. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, पोरांना रोज अंघोळ घालता आली नाही, म्हणून हे झालं असं त्या धरून बसल्यात. स्वतःच्या हाताचं पुरळ त्या पदराखाली लपवतात. शेजारणी विडीची पानं कापायला सोबत बसू देणार नाहीत, ही धास्ती. अरे, खरूज होते ती एका किड्यामुळे. हा किडा अर्ध्या मिलिमीटरहून लहान, कातडीत बीळ करून राहतो आणि तिथेच अंडी घालतो. अंघोळीने तो मरत नाही. पाणी कमी असलं की खाजवून झालेल्या जखमा चिघळतात, एवढं खरं. नेदरलँड्समध्ये अलीकडे कॉलेजच्या मुलांत खरूज झपाट्याने वाढली, आणि तिथे काही पाण्याची टंचाई नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली तिला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. जगात एका वेळी २० कोटींहून जास्त लोकांना ती असते. तू स्वतः काकूंना फोन करून हे सांग. माझ्यापेक्षा तुझं ऐकतील.

त्यांनी घरातल्या सगळ्या चादरी जाळायला काढल्या होत्या, मी थांबवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात शेफील्डला केनेथ मेलनबी यांनी यावर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांची पांघरुणं, आतले कपडे स्वयंसेवकांना वापरायला दिले, तरी लागण क्वचितच झाली. शेजारी निजल्याने, बराच वेळ अंगाला अंग लागल्याने ती होते. एका रोग्याच्या अंगावर सरासरी ११ माद्याच सापडल्या. चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घातल्या की झालं. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून चार दिवस ठेवायचं, माणसाचं अंग सुटलं की किडा दोन-तीन दिवसांत मरतो.

माझा जीव तुटतो तो दुसऱ्याच गोष्टीने. लोक येतात आणि ‘ती नायट्याची ट्यूब द्या’ म्हणतात. तिच्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली उतरते, पोरं शांत झोपतात, आई खूश होते. आत किडे वाढतच राहतात आणि पुरळाचं रूप इतकं बदलतं की पुढे डॉक्टरलाही ओळखू येत नाही. मी चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटलं, की माणसं पुढच्या दुकानात जातात. तुमच्या इथल्या घरीही ती एक महिनाभर वापरली गेली, आणि तेवढ्यात खरूज दोघांवरून पाचांवर गेली.

आता तुमच्याबद्दल. मागच्या महिन्यात लग्नाला आलात तेव्हा तुझी मुलं पुतण्यांसोबत एकाच अंथरुणात झोपली होती. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवरही ती दुसऱ्याला लागू शकते. मुलं खाजवत नाहीत, एवढ्यावर निर्धास्त राहू नकोस. पुण्यात डॉक्टरांना दाखव आणि लग्नाचं सांग. बहुतेक परमेथ्रिनचं मलम देतील. मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत, सगळीकडे लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी धुवायचं. आठवड्याने पुन्हा एकदा. लहान मुलांना डोक्याला लावायचं का, तेही विचार. नंतरही दोन-चार आठवडे खाज राहते. औषध लागू पडलं नाही असं समजून रोज चोपडत बसू नका.

घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायला हवं. एक जण राहिला तरी फिरून सगळ्यांना होते. डॉक्टरांशी बोलून रात्र ठरव आणि मला कळव. इथे त्याच रात्री काकूंसकट पाचही जणांना मी समोर बसून लावायला लावतो.

तुझा,
मिलिंद