शामूस पत्र: एका पानावरचे दोन ठराव

सांगली,
ता. 9 ऑगस्ट

प्रिय शामू,
सप्रेम सलाम.

सहा महिन्यांत तुला एक ओळ धाडली नाही. रागव, पण आधी हे वाच. घरी सगळे बरे, माझी साखर आटोक्यात.

परवा आपल्या चर्चच्या पंचांच्या बैठकीत इतिवृत्ताची वही समोर उघडी होती. एकाच पानावर दोन ठराव. वरच्यात तात्यांच्या नातीचं संपूर्ण नाव, लग्नाआधी दिवस गेले म्हणून सहा महिने प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) बंद, रविवारी उपासनेत जाहीर करावे, सूचक, अनुमोदक, सगळं. मुलाचं नाव नाही. तो अजून गायनमंडळात तबल्यावर बसतो. खालच्या ठरावात बांधकाम निधीबद्दल तीनच शब्द: ‘सविस्तर चर्चा झाली.’ कुणाकडची पावतीपुस्तकं, किती रक्कम, कधीपर्यंत भरायची, काही नाही. नाव तू ओळखलंसच, पंचांपैकीच एक.

बायबलातल्या 1 तीमथ्य 5 वरून आपण किती भांडलो होतो! दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलांवरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा, आरोप घेऊ नये, हे 19 वं वचन पंचांना पाठ आणि सर्वांसमक्ष दोष दाखवायला सांगणारं 20 वं कुणी उघडतच नाही, असं तू म्हणायचास. मी चिडायचो. 19 वं वचन खोट्या कंड्यांपासून राखण्यासाठी आहे, हे मी आजही म्हणेन. पण पावतीची स्थळप्रत आणि बँकेचं पासबुक हेही दोन साक्षीदारच की रे! ते बोलतायत आणि आम्ही ऐकत नाही.

मत्तय 18 मधला क्रम साधा आहे. आधी एकट्याने भेटायचं, मग एक-दोघांना घेऊन, तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढे, म्हणजे सगळ्या चर्चपुढे. पोरीच्या बाबतीत पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट व्यासपीठ. पंचाच्या बाबतीत पहिलीच पायरी वर्षभर चालू, कारण भेटीची तारीख कुठं लिहिलेली नाही आणि मुदत दिलेली नाही. वर ज्याच्याबद्दल बोलायचं तोच बैठकीत बसलेला, चहाही त्यानंच मागवलेला. तोंड कोण उघडणार? विषय निघाला की त्यानं बाहेर जायचं आणि तसं वहीत लिहायचं, एवढं केलं तरी निम्मी गाठ सुटते. शेवटी ‘प्रकरण मिटलं’ म्हणून दुसऱ्या चर्चात जायला कोरा दाखला देतात आणि दुसऱ्या गावची मंडळी त्याच माणसाला खजिनदार करते.

कृष्णेच्या आयर्विन पुलावर पुराच्या पाण्याची पट्टी बघतोस ना, 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. बंगल्याला वेगळी आणि झोपडीला वेगळी पट्टी कुणी लावत नाही.

रविवारी मी हे मांडणार आहे. थैलीत जमलेले दानाचे पैसे उपासना संपल्यावर तिथंच मोजायचे, दोघांनी, आणि ते दोघं एका घरचे नकोत. नोटांचा तपशील, दोन सह्या, सोमवारी सगळी रक्कम बँकेत. रोखीतून परस्पर खर्च बंद, कारण ‘आत्ता देऊ, पावती मागून लावू’ इथूनच गळती लागते. पावतीपुस्तक क्रमांक लिहून द्यायचं, जुनं परत आल्याशिवाय नवं नाही. 31 मार्चला हिशेब बंद, पुढच्या सहा महिन्यांत ऑडिट. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950 चा कायदा आहे तो, पंचांच्या ठरावानं माफ होत नाही.

आणि लेकराशी कुणी लैंगिक गैरवर्तन केलं, तर मत्तय 18 ची पायरी काढायचीच नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे सरळ पोलिसांत कळवायचं. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. ‘मंडळीची अब्रू’ म्हणत जो गप्प बसवतो, त्याला हे वाचून दाखवायचं.

पोरीचा ठराव मला फार लागलाय. सहा महिने बंदी घातली, पण तिच्या दारी कोण जाणार, किती दिवसांनी जाणार, एक अक्षर नाही. गलतीकरांस पत्राच्या 6 व्या अध्यायात सौम्यतेनं ताळ्यावर आणा म्हटलंय. 2 करिंथ 2 मध्ये तर शिक्षा झालेल्याला क्षमा करून धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असं स्पष्ट आहे. परत घ्यायची तारीख नसेल तर ती शिस्त कसली, हाकलणंच ते. तात्या दोन रविवार मागच्या बाकावर एकटेच बसतायत.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पिंट्याची नोकरी टिकली ना? तू गेल्यापासून आमचा टेनर सुरात लागतो असं गायनमंडळ म्हणतं, पण आवाज निम्म्यावर आलाय.

आता काम. तुझ्या वेळच्या कमिटीनं विषय असलेल्या पंचानं बैठकीबाहेर बसावं असा ठराव केला होता. इथल्या वहीतलं ते पान मिळत नाही. तुझ्या लोखंडी पेटीत त्याची प्रत असणार, तू कागद टाकत नाहीस. शनिवारपर्यंत दोन्ही बाजूंचा फोटो पाठव, सह्या दिसतील असा.

तुझा,
विनू