अण्णा, "पैसे कुठं आहेत?" हे आता वर्गात मी विचारते

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानले असते तर "चहा घे आणि घरला जा" म्हणून तुम्ही विषय मिटवला असता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. शिवाय एमबीएला नंबर लागलेली पोरं-पोरी हल्ली मला विचारतात, की कॉलेज सुरू होईपर्यंत काय वाचू? त्यांच्याही कामाला येईल.

मी इतिहासाची बी.ए. एमबीएची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी दिली, पर्सेंटाइल बरं आलं, घरी पेढे वाटून झाले. त्या परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एकाला ४५ सेकंद. तर्क, आकृत्या, गणित, इंग्रजी एवढाच ऐवज. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळं शेवटच्या मिनिटाला उरलेल्यांवर डोळे मिटून क्लिक करायचं, हेही तयारीचाच भाग. जमाखर्चाचा एक प्रश्न नाही. आणि पहिल्या सेमिस्टरला बसलं की समोर अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स. एका क्लासवाल्यानं मधल्या दोन महिन्यांचा कोर्स सुचवला. फी ऐकून बाबा गप्प झाले, आणि आईनं तुमचं नाव काढलं. "जन्मभर कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते, त्यांना विचार की."

तुम्ही पुस्तक उघडलंच नाहीत. एक जुनी पट्टी, म्हणजे अडत्यानं शेतकऱ्याला द्यायचा हिशेबाचा कागद, पुढं सरकवलीत. शेतकऱ्याचा गूळ किती रवे (ढेपा) आला, काय भावानं सौदा झाला, त्यातून अडत (अडत्याचं कमिशन), हमाली, तोलाई आणि हंगामाआधी दिलेली उचल वजा जाता त्याच्या हातात काय पडलं, सगळं त्या पिवळ्या कागदावर. "वाचलीस? आता ह्येच अडत्याच्या बाजूनं मांड."

ती सगळी संध्याकाळ एका उचलीवर गेली. पैसे तर गल्ल्यातून गेले, मग तो खर्च का नाही? नाही, ते येणं. गूळ आला की फिटणार. हे पटेपर्यंत तुम्ही पुढं सरकला नाहीत. आणि पटल्यावर लगेच म्हणालात, "२०१९ सारखा पूर आला, ऊसच कुजला, तर हे येणं किती खरं?" बुडीत येण्याची तरतूद हा धडा मला असा, पुस्तकाच्या आधी कळला. सीईटीनं ४५ सेकंदांत उत्तर द्यायची सवय लावली होती. तुम्ही एका आकड्यापाशी तास-दीड तास बसवून ती मोडलीत, आणि माझ्या मते खरी तयारी ती होती.

दुसरा धडा व्यापाऱ्याच्या उधारीचा. गूळ गुजरातला गेला, वहीत विक्री लागली, नफा दिसला. व्यापाऱ्याचे पैसे मात्र नंतर यायचे आणि शेतकऱ्याला पट्टीचे पैसे आजच द्यायचे. "नफा दिसतोय न्हवं? मग पैसे कुठं आहेत?" हा तुमचा प्रश्न. मग गणित घातलंत: वर्षाची विक्री ३६ लाख, व्यापाऱ्यांकडं येणं ६ लाख, तर पैसे किती दिवस अडकलेत? सहाला छत्तीसनं भागून ३६५ नं गुणलं की जवळजवळ ६१ दिवस. कॉलेजात यालाच डेटर डेज म्हणतात आणि त्यावर स्लाइड असते. स्लाइडवर गुऱ्हाळाबाहेर पट्टीची वाट बघणारा माणूस नसतो, एवढाच फरक.

त्यानंतर कुठं पुस्तक आलं, तेही अकरावीचं बालभारतीचं पुस्तपालन. ते संकेतस्थळावर फुकट मिळतं, हे फी भरायला निघालेल्या सगळ्यांनी ऐकून ठेवावं. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, घसारा (यंत्रा-इमारतींची दरवर्षी खर्चात धरायची झीज), अंतिम लेखे, याच क्रमानं, गाळायचं काही नाही. बँक जुळवणी पत्रकाचा, म्हणजे आपली वही आणि बँकेचं पासबुक ताडून बघण्याचा, मला मनापासून कंटाळा आला होता. तुम्ही कौतुक करून नाही, उदाहरणं वाढवून तो घालवलात.

मग आमच्या गावच्या दूध संस्थेचा वार्षिक अहवाल. आजोबा सभासद, त्यामुळं कपाटात दरवर्षीचा एकेक पडलेला; सभेतल्या नाश्त्यापलीकडं त्याची आठवण कुणी काढत नव्हतं. तुम्ही सलग वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी मांडायला लावलेत. राखीव निधी का वाढतोय? तर सहकार कायद्यानं निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा तिकडं जातो. मग लाभांश कशातून? पशुखाद्याचा साठा यंदा दुप्पट का? पुढं एका लिस्टेड कंपनीचा ताळेबंद उघडला तर डावी-उजवी बाजूच नाही, सगळं एकाखाली एक: आधी मालमत्ता, मग भांडवल आणि देणी. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या तिसऱ्या परिशिष्टाचा तो नमुना. "मांडणी बदलली, माणसं तीच," म्हणालात आणि पान उलटलंत.

स्टॅटिस्टिक्सचं मला भय होतं. तुम्ही सरासरीपासून सुरुवात केलीत. एका प्रतीचा गूळ १० क्विंटल ४,००० नं, दुसऱ्या प्रतीचा ९० क्विंटल ३,६०० नं. सरासरी भाव काय? ३,८०० म्हणणाऱ्याला अडतीवर ठेवू नये, कारण खरा आकडा ३,६४०. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यात एखाद्या रव्याला मानाचा भाव मिळतो, तो धरून हंगामाची सरासरी काढली तर शेतकरी फसतो. म्हणून भाव ओळीनं लावून मधला बघायचा. मीडियन मला तिथं भेटला. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगलेत ते, एकदा तरी हातानं काढायला लावलंत, पाच-सहा आकड्यांचं का होईना.

एक्सेल तुम्हाला येत नव्हतं. तसं सरळ सांगून तुम्ही मला सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्या पुतणीकडं धाडलंत. त्या ताईंनी एक गोष्ट दाखवली, ती इथं सांगतेच. आज १ लाख घातले, पुढची दोन वर्षं ६०-६० हजार आले, व्याजदर १० टक्के, तर निव्वळ वर्तमान मूल्य (एनपीव्ही), म्हणजे पुढं येणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा आज घातलेले पैसे, ४,१३२. पण आजचा लाखसुद्धा एक्सेलच्या एनपीव्ही फंक्शनच्या कंसात टाकला तर उत्तर येतं ३,७५७, कारण ते फंक्शन पहिली रक्कमही वर्षाअखेरीची धरतं. आजचा पैसा कंसाबाहेर ठेवायचा. आमच्या वर्गात या एका कंसावर अर्धा तास भांडण झालं आणि मी हातची आकडेमोड फळ्यावर मांडून ते मिटवलं.

जे शिकवलं नाहीत त्याबद्दलही आभार. मी मार्केटिंगचं, स्ट्रॅटेजीचं जाडजूड काही आणलं की तुम्ही ते बाजूला ठेवायचात. "त्ये मास्तर शिकवतील. तू आकडा वाचायला शीक." नवीन पुस्तकं घेऊ दिली नाहीत, १८५० पासून चालू असलेलं करवीर नगर वाचन मंदिर गावात असताना कशाला, म्हणालात. सगळं थोडं थोडं चाळून गेलेली मुलं वर्गात बोलतात छान. पण घसारा रोख प्रवाहात परत का मिळवायचा, इथं इंजिनिअर मित्रही अडखळतात. इंटिग्रेशन त्यांना चुटकीसरशी येतं, पण गल्ल्यातून न गेलेला खर्च डोक्यात बसत नाही. मग ते माझ्याकडं येतात आणि मी त्यांना उचल आणि पट्टी सांगते. त्या बदल्यात ते मला रिग्रेशन शिकवतात. सौदा बरा आहे.

आता एक विनंती. मागच्या गल्लीतल्या एका पोराचा यंदा नंबर लागलाय. बी.एस्सी. झालाय, हुशार आहे, पण ताळेबंद कधी बघितलेला नाही. त्याला तुमच्याकडं पाठवू का? एक्सेल मी घेईन, ताईंना त्रास नको. तुम्ही फक्त पट्टीपर्यंत आणून सोडा. आणि त्या जुन्या पट्ट्यांच्या झेरॉक्स काढून ठेवते. कागद हाताळून हाताळून घडीवर फाटायला लागलेत.

तुमची,
गल्लीतली एमबीएवाली